भिंत कुणाची, खिळा कुणाचा? घरावरून माणूस वाचणाऱ्या संशोधनाबद्दल

‘घर म्हणजे तुमच्या व्यक्तिमत्त्वाचा आरसा.’ हे वाक्य तुम्ही सणासुदीच्या पुरवण्यांत वाचलेलं असतं, फर्निचरच्या दुकानात ऐकलेलं असतं, नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला आलेल्या एखाद्या काकांच्या तोंडूनही ऐकलेलं असतं. तिथे ते असू द्या, कुणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते हे वाक्य सिनॉप्सिसमध्ये शिरल्यावर. गृहविज्ञान, मानसशास्त्र, समाजशास्त्र, वास्तुरचना, कुठल्याही विभागातून तुम्ही येत असलात तरी ‘गृहसजावट आणि व्यक्तिमत्त्व यांतील सहसंबंध’ हा विषय आकर्षक वाटतो. चाचणी तयार मिळते, घरं आजूबाजूला आहेत, उत्तरं देणाऱ्या बायका दुपारी घरी भेटतात. आणि संबंधित साहित्याच्या प्रकरणात टाकायला एक भक्कम संदर्भही सापडतो: गॉसलिंग आणि सहकारी, २००२. त्यापुढे बहुधा एवढंच लिहिलं जातं की राहत्या जागेवरून व्यक्तिमत्त्व ओळखता येतं हे सिद्ध झालं आहे.

आज तोच पेपर आपण नीट वाचू. संदर्भ देण्यापुरता नाही, त्याच्याशी भांडण्याइतका.

सॅम्युअल गॉसलिंग, सेइ जिन को, थॉमस मॅनरेली आणि मार्गारेट मॉरिस यांचा हा लेख ‘जर्नल ऑफ पर्सनॅलिटी अँड सोशल सायकॉलॉजी’मध्ये आला. नाव ‘अ रूम विथ अ क्यू’, म्हणजे फॉर्स्टरच्या कादंबरीच्या नावावर केलेली कोटी. (मानसशास्त्रज्ञांना शीर्षकात कोटी केल्याशिवाय चैन पडत नाही. तुम्ही नका करू, आपल्याकडे समितीला ती आवडेलच असं नाही.) त्यात दोन अभ्यास आहेत. पहिल्यात ९४ जणांच्या ऑफिसमधल्या जागा, दुसऱ्यात ८३ जणांच्या झोपायच्या खोल्या. नावं आणि फोटो झाकून ठेवले, मग काही अनोळखी निरीक्षकांना त्या जागांमध्ये सोडलं आणि सांगितलं: इथे राहणारी व्यक्ती कशी असेल ते पाच गुणांवर ठरवा. बहिर्मुखता, मनमिळाऊपणा, साक्षेप, भावनिक स्थैर्य आणि नव्या अनुभवांकडे असलेला ओढा. त्या व्यक्तीने स्वतःबद्दल काय सांगितलं आणि तिच्या ओळखीच्यांनी तिच्याबद्दल काय सांगितलं, याच्याशी हे अंदाज ताडून पाहिले. खोलीतली वैशिष्ट्यं, म्हणजे ती नीटनेटकी आहे का, रंगीत आहे का, पुस्तकं किती आणि किती प्रकारची, ही वेगळ्या माणसांनी नोंदवली.

यातली पहिली शिकण्याजोगी गोष्ट म्हणजे मागचा साचा. एगॉन ब्रुन्स्विकचं ‘भिंगाचं प्रारूप’ इथे वापरलं आहे. सोप्या भाषेत ते असं: एका बाजूला न दिसणारा गुण, दुसऱ्या बाजूला निरीक्षकाचा अंदाज, आणि मध्ये खोलीतल्या खुणा. आता दोन वेगळे प्रश्न विचारता येतात. निरीक्षक कुठल्या खुणेवर भिस्त ठेवतो? आणि ती खूण त्या गुणाशी खरंच जोडलेली आहे का? बघणारा रंगीबेरंगी, प्रसन्न खोली पाहून ‘माणूस मनमिळाऊ दिसतो’ म्हणेल, पण त्या रंगांचा मनमिळाऊपणाशी संबंध असेलच असं नाही. हे दोन प्रश्न वेगळे ठेवायची सवय लागली तर तुमचं निम्मं काम सोपं होईल, विषय घराचा असो की वर्गाचा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: एकमत आणि अचूकता यांतला फरक. सात जणांनी एकच मत दिलं म्हणजे ते मत बरोबर, असं नाही. आपल्याकडे हा प्रयोग पिढ्यान् पिढ्या चालू आहे. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला पाच माणसं येतात, अर्धा तास हॉलमध्ये बसतात, शोकेसवरून, पडद्यांवरून, कपबशांवरून नजर फिरवतात आणि परतीच्या रिक्षात त्यांचं एकमत होतं की घर सालस आहे. ती कपबशी शेजारून आणलेली असू शकते. पडदे आदल्या दिवशी धुतलेले असतात. एकमत मात्र पक्कं. गॉसलिंगच्या पेपरमध्ये या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या आहेत. आपल्याकडचे बरेच प्रबंध पहिली मोजतात आणि दुसरी मोजली असं समजतात.

आता निष्कर्ष. सर्वांत चांगला अंदाज लागला तो नव्या अनुभवांच्या ओढीचा. झोपायच्या खोल्यांमध्ये हा सहसंबंध ०.६५ इतका निघाला. अनोळखी माणसाने, समोरच्याला न भेटता, फक्त खोली बघून केलेल्या अंदाजासाठी ही संख्या मोठी आहे, हे मान्य करायलाच हवं. वर्ग केला तर साधारण ०.४२ येतं. पण बाकीचे गुण एवढे उघड होत नाहीत, आणि ऑफिसच्या जागेवरून मनमिळाऊपणाचा अंदाज तर जवळजवळ पूर्ण फसला. म्हणजे ‘जागेवरून व्यक्तिमत्त्व कळतं’ हे वाक्य या पेपरचं नव्हेच. पेपर म्हणतो त्याचा सूर असा आहे: काही गुण, काही जागांवरून, काही प्रमाणात. तुमच्या प्रकरणात हे तीन ‘काही’ लिहिलेले दिसले पाहिजेत. लेखकांनी स्वतःच आणखी एक गोष्ट तपासली, तीही सहसा उद्धृत होत नाही. खोली पाहून निरीक्षक आधी मनात ठरवतात की ही मुलीची की मुलाची, गोऱ्या माणसाची की आशियाई माणसाची. आणि मग त्या गटाबद्दलचे ठोकताळे अंदाजात मिसळतात. कधी त्याने अंदाज सुधारतो, कधी बिघडतो.

इथपर्यंत पेपरची बाजू. त्याची शिस्त मला आवडते आणि ती तुम्ही उचलावी असंही वाटतं. माझं भांडण दोन ठिकाणी आहे.

पहिलं भांडण खरं तर पेपरशी नाहीच, तो वापरणाऱ्यांशी आहे. हा अभ्यास सजावटीचा नाही. लेखक म्हणतात की माणूस जागेवर चार वाटांनी ठसा सोडतो. स्वतःसाठी मांडलेल्या वस्तू, म्हणजे आजीने दिलेली फणेरी पेटी. दुसऱ्यांना दिसावं म्हणून मांडलेल्या, म्हणजे दारासमोरच्या भिंतीवरचं प्रमाणपत्र. घरातल्या वागण्याचा उरलेला गाळ, म्हणजे खुर्चीवर साचलेले कपडे. आणि बाहेरच्या वागण्याचा गाळ, म्हणजे कोपऱ्यातली ट्रेकिंगची मळकी सॅक. (उदाहरणं माझी आहेत, वर्गवारी त्यांची.) यातल्या पहिल्या दोनच वाटांना आपण सजावट म्हणू. चारपैकी कुठली वाट किती काम करते हे पेपर सुटं करून मोजत नाही. उलट ज्या खुणा सर्वांत भरवशाच्या ठरल्या, त्यांत खोली आवरलेली आहे की पसरलेली, पुस्तकं-मासिकं किती तऱ्हेची आहेत, असल्या गोष्टी येतात. त्यातलं बरंचसं सजवण्यातून येत नाही, राहण्यातून येतं. तेव्हा पडद्याच्या रंगावरून साक्षेप मोजायचा असेल तर या पेपरचा आधार घेऊ नका, तो तुम्हाला वाऱ्यावर सोडेल.

दुसरं भांडण खोलवरचं आहे. या रचनेत प्रत्येक जागेला एक मालक लागतो. एक खोली, एक माणूस, त्या माणसाचे पाच गुण. झोपायच्या खोल्या वापरणारे होते विद्यापीठाच्या परिसरातले विद्यार्थी आणि नुकतेच पदवी घेतलेले तरुण. आईवडिलांच्या घरातून निघालेले, अजून स्वतःचा संसार नाही, हाताशी एक खोली, आणि आपण कोण हे सांगायची घाई. माणसाच्या आयुष्यात जागा आणि व्यक्ती यांची जुळणी सर्वांत चांगली जर कधी होत असेल तर ती याच चार-पाच वर्षांत. आरसा जिथे लख्ख दिसणार तिथेच तो धरला गेला. यात लबाडी नाही. प्रयोगाला अशीच सोय लागते. पण ती सोय तुमच्याकडे आहे का, हे तुम्ही विचारायचं.

भारताची २०११ची जनगणना काढून बघा, घरांविषयीचे तक्ते. देशातल्या ३७.१ टक्के कुटुंबांकडे राहायला एकच खोली होती, ३१.७ टक्क्यांकडे दोन, आणि ३.९ टक्क्यांकडे स्वतंत्र अशी एकही नव्हती. बेरीज करा: दहातली सातहून जास्त कुटुंबं दोन किंवा त्याहून कमी खोल्यांत. एका खोलीत पाच माणसं झोपत असतील तर गॉसलिंगचा प्रश्नपत्रकातला ‘राहणारी व्यक्ती’ हा रकाना तुम्ही कुणाच्या नावाने भरणार? नमुन्यात ‘पन्नास गृहिणी’ घेतल्या म्हणजे हा प्रश्न सुटत नाही. उलट तुम्ही न सांगता एक मोठं गृहीतक केलेलं असतं, की घर बाईचं, म्हणून घरातली प्रत्येक वस्तू तिच्या स्वभावाची साक्ष.

हे गृहीतक किती टिकतं ते एका नेहमीच्या घराच्या हॉलमध्ये उभं राहून बघा. फरशी बिल्डरने निवडली. भिंतींचा रंग सासऱ्यांच्या ओळखीच्या रंगाऱ्याकडे उरलेल्या डब्यांनी ठरवला. लोखंडी कपाट सासूच्या लग्नातलं. कॅलेंडर बँकेचं किंवा किराणा दुकानाचं. चंदनाच्या हारातला फोटो आजेसासऱ्यांचा, आणि तो कुठल्या भिंतीवर असावा याचा निर्णय तिच्या जन्माआधीचा असण्याचीही शक्यता आहे. शोकेसमध्ये मुलाची ट्रॉफी, नणंदेने सहलीहून आणलेली शंखांची बाहुली, तीन वेगवेगळ्या लग्नांत आलेले तीन सारखेच काचेचे गणपती. यातलं तिचं काय?

आणि तिचं जे होतं ते कुठे आहे? रुखवताचं उदाहरण घ्या, कारण ते या विषयासाठी सोन्यासारखं आहे आणि कुणी हात लावत नाही. लग्नाच्या दिवशी कार्यालयात एक टेबल मांडतात आणि त्यावर मुलीच्या हातचं, किंवा मुलीच्या म्हणून तिच्या आईच्या, मावश्यांच्या, हल्ली विकत आणून देणाऱ्यांच्या हातचं काम ओळीने ठेवतात: भरतकाम, मण्यांची तोरणं, सुपारीचे भटजी-भटजीबाई, साखरेचा बंगला. सगळे जण फिरून बघतात. ‘मुलगी हौशी आहे’ असा निकाल त्या टेबलाशीच लागतो. पाच गुणांच्या चाचणीत हौशी नावाचा गुण नाही, पण आपल्या निरीक्षकांना तो बरोबर दिसतो! मग ते सगळं सासरी जातं. एखादं तोरण दाराला लागतं. उरलेलं खोक्यात, आणि खोकं माळ्यावर. दहा वर्षांनी तुम्ही प्रश्नावली घेऊन त्या घरी जाता तेव्हा हॉलमध्ये दिसतं ते दुसऱ्यांचं, आणि तिचं असतं ते माळ्यावर. दिसणाऱ्या वस्तू मोजून तुम्ही जे काढाल त्याला तुम्ही तिचं व्यक्तिमत्त्व म्हणाल. चाचणीतला गुण आणि तुमचा घराचा गुणांक यांत सहसंबंध निघणार नाही, आणि ‘परिकल्पना नाकारली गेली’ असं लिहून प्रकरण संपेल. खरं तर परिकल्पना तपासलीच गेलेली नसते.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. घरातली वस्तू माणूस कसा आहे हे सांगण्याआधी, त्या घरात त्याला काय ठरवायची मुभा होती हे सांगते. मुभा मोजल्याशिवाय स्वभाव मोजू नये. हे काही माझं एकट्याचं शहाणपण नव्हे. व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्यांच्या बाहेर, शेजारच्या विद्याशाखांत, या दिशेने काम झालेलं आहे आणि ते आपल्या अभ्यासक्रमांत फारसं पोचत नाही, एवढीच माझी तक्रार.

मिहाय चिक्सेंटमिहाय आणि यूजीन रॉकबर्ग-हॅल्टन यांचं ‘द मीनिंग ऑफ थिंग्ज’ १९८१ साली आलं. शिकागो परिसरातली ८२ कुटुंबं, तीन पिढ्या, ३१५ माणसं. त्यांनी घराला गुण दिले नाहीत. घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं की तुमच्यासाठी खास अशा वस्तू कुठल्या, आणि का. एकाच घरात नातू आपली स्टिरिओ यंत्रणा दाखवतो, आजी फोटो दाखवते. फर्निचरचं नाव बऱ्याच जणांनी घेतलं, पण कारणं ऐकली की ते फर्निचर राहतच नाही. ती खुर्ची नवऱ्याची होते, ते टेबल आईच्या घरचं होतं. वस्तूंच्या कारणांत स्वभावापेक्षा नातीच जास्त सापडतात. पद्धत म्हणून या पुस्तकावर आक्षेप घेता येतो: ‘खास’ म्हटल्याबरोबर माणूस सांगण्यालायक तेच सांगतो, नको असलेल्या पण टाकता न येणाऱ्या वस्तूंबद्दल कोण बोलणार? पण घरातल्या प्रत्येकाला स्वतंत्र विचारण्याची चाल उचला. ती खर्चिक नाही.

माझा जास्त जीव आहे तो डॅनियल मिलर या मानववंशशास्त्रज्ञाच्या एका जुन्या लेखावर. १९८८ साली ‘मॅन’ या नियतकालिकात आलेला. उत्तर लंडनमधली सरकारी घरांची एक वसाहत, त्यातली ४० स्वयंपाकघरं. नगरपालिकेने सगळ्यांना तोच ओटा, तीच कपाटं बसवून दिलेली. म्हणजे बघा, निसर्गानेच प्रयोगशाळा मांडून ठेवल्यासारखं: सुरुवात सगळ्यांची सारखी, वर्षांनंतर कुणी काय केलं ते पाहायचं. काहींनी काहीच केलं नाही, सरकारी ओटा सरकारीच राहिला. काहींनी वरवर झाकलं, शोभेच्या वस्तू ठेवल्या, कपडे अंथरले. काहींनी सगळं उचकटून नवं केलं. निव्वळ पैशाने हा फरक उलगडत नाही, असं मिलरला दिसलं. उलगडतो तो नात्यांनी. घरात काय हवं ते बाई ठरवते, हातोडी पुरुष चालवतो, अशी देवघेव जिथे होती तिथे स्वयंपाकघर बदललं. जिथे माणूस एकटा पडलेला होता, अशी देवघेव करायला कुणी नव्हतं, तिथे भिंती तशाच राहिल्या. याच ४० घरांत एखाद्याने स्वभावचाचणी नेली असती तर न बदललेल्या स्वयंपाकघरांना ‘कल्पकतेचा अभाव’ असा शेरा मारून तो मोकळा झाला असता.

वीस वर्षांनी, २००८ मध्ये, मिलरचं ‘द कम्फर्ट ऑफ थिंग्ज’ आलं. दक्षिण लंडनचा एक रस्ता, सतरा महिन्यांचं काम, तीस शब्दचित्रं. पहिलंच एका रिकाम्या घराचं आहे. जॉर्ज नावाने येणारा हा म्हातारा माणूस, त्याच्या घरात शोभेची एक वस्तू नाही, भिंतीवर एक फ्रेम नाही. मिलर त्याच्याशी बोलत राहतो आणि हळूहळू लक्षात येतं की या माणसासाठी जन्मभर निर्णय दुसऱ्यांनीच घेतले. आधी आईवडिलांनी, मग वसतिगृहांनी आणि सरकारी यंत्रणेने. घर रिकामं आहे कारण ठरवण्याची सवयच कधी लागली नाही. हे प्रकरण वाचताना पोटात खड्डा पडतो. पण टीकाकार म्हणून हेही लिहून ठेवा की इथे तुम्हाला मिलरवर विश्वास ठेवावा लागतो. माणसं कशी निवडली, कुणाला वगळलं, दुसरा संशोधक गेला असता तर त्याला हेच दिसलं असतं का, यांची उत्तरं पुस्तक देत नाही. गॉसलिंगची संख्या दुसऱ्याला पुन्हा काढून बघता येते, जॉर्ज पुन्हा भेटत नाही. तुमच्या समितीतले संख्याप्रेमी सर नेमकं हेच विचारतील, आणि तो प्रश्न रास्त आहे.

सजावट करून देणाऱ्यांचं काय, असं कुणी विचारेल. व्यक्तिमत्त्व आपल्या हातून साधत नसेल तर तज्ज्ञाकडून साधून घ्यावं, हा आजच्या जाहिरातींचा मथळा आहे. त्यावर आडोल्फ लोस या वास्तुरचनाकाराने १९०० साली व्हिएन्नाच्या एका वर्तमानपत्रात एक झणझणीत गोष्ट लिहून ठेवली आहे. एक श्रीमंत माणूस आपल्या घरात कला यावी म्हणून नामवंत वास्तुरचनाकार नेमतो. तो घरातली प्रत्येक गोष्ट या माणसाच्या व्यक्तित्वाला साजेशी घडवतो, अगदी पायातल्या सपातांपर्यंत. मग वाढदिवसाला बायकामुलं भेटवस्तू देतात आणि त्या कुठे ठेवायच्या हे विचारायला वास्तुरचनाकाराला बोलावतात. तो आधी भडकतो सपातांवर, कारण त्या झोपायच्या खोलीसाठी आखलेल्या आणि हा दिवाणखान्यात घालून बसलाय. मग भेटवस्तूंवर, कारण घर पूर्ण झालं असताना आता आणखी काही लागतंच कसं? माणूस पूर्ण झाला, म्हणजे संपला. शंभरावर वर्षं झाली, पण मोठ्या सोसायटीतल्या नमुना-फ्लॅटमध्ये उभं राहून ही गोष्ट आठवली की हसू आवरत नाही.

हे सगळं नुसतं पद्धतीचं कीस पाडणं आहे असं तुम्हाला वाटत असेल तर एक ठिकाण सांगतो. आपल्याकडे मूल दत्तक घ्यायचं तर समाजकार्यकर्ता घरी येऊन गृह-अभ्यास अहवाल लिहितो. कुटुंबाची स्थिती, घर, वातावरण, सगळं त्यात येतं. अहवाल लिहिणारे आपल्याच विभागांतून शिकून बाहेर पडतात. घरावरून स्वभाव कळतो हे ‘सिद्ध झालेलं’ आहे असं आपण वर्गात शिकवलं, तर भाड्याच्या, रिकाम्या भिंतींच्या घराबद्दल तिथे कुठलं वाक्य लिहिलं जाईल? आपल्या शहरांतल्या भाडेकराराची साधी अट असते: भिंतीला खिळा ठोकायचा नाही. त्या एका अटीने किती घरांची ‘अभिरुची’ ठरते, हे कुणी मोजलेलं मला तरी कुठल्या प्रबंधात दिसलं नाही. विषय हवा असेल तर हा घ्या.

घेतलात तर काही गोष्टी पहिल्यापासून ठरवा. वस्तूंची यादी करा, पण प्रत्येक वस्तूपुढे लिहा की ती कुणी आणली आणि ती काढून टाकायची ठरवली तर कुणाला विचारावं लागेल. दुसऱ्या रकान्याचं उत्तर मिळवायला वेळ लागतो. लोक आधी ‘कुणालाच नाही’ म्हणतात आणि मग थोडं थांबून सासूबाईंचं नाव घेतात, किंवा घरमालकाचं. नकारही नोंदवा: कुठला रंग हवा होता आणि झाला नाही, कुठली फ्रेम आणली आणि लावली नाही. माळा बघायची परवानगी मागा. परवानगीवरून आठवलं, घराचे फोटो काढताना संमतिपत्रावर एकाच व्यक्तीची सही घेऊन भागत नाही. त्या फोटोत दिराची औषधं असतात, मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावरचं वेळापत्रक असतं. गॉसलिंगच्या गटाने नावं आणि फोटो झाकले ते प्रयोगासाठी, तुम्हाला ते माणसांसाठी करावं लागेल. आणि व्यक्तिमत्त्वाची चाचणी वापरायचीच असेल तर खुशाल वापरा, मात्र विश्लेषणात मुभा हा वेगळा चल ठेवा. ज्यांना ठरवता येतं त्यांच्यात सहसंबंध निघतो आणि ज्यांना येत नाही त्यांच्यात विरतो, असं दिसलं तर तो निष्कर्ष आरशाच्या वाक्यापेक्षा कितीतरी जास्त सांगेल. असं न दिसता दोन्हीकडे सारखाच निघाला, तर माझं वरचं म्हणणं चुकीचं ठरेल, आणि तेही छापण्यासारखंच.

पायलट अभ्यासासाठी लांब जायला नको. तुमच्यातले बरेच जण आत्ता वसतिगृहात किंवा कॉट बेसिसवर राहत असतील. एक पलंग, एक टेबल, एक लोखंडी कपाट, आणि भिंतीवर काही चिकटवलं तर डिपॉझिटमधून कापून घेण्याची ताकीद. अशा दहा खोल्यांत जा. आधी दिसतं त्याची नोंद करा; पाच-दहा मिनिटांत संपेल, सगळ्या खोल्या सारख्याच निघतील. मग राहणाऱ्याला विचारून कपाटाच्या दाराची आतली बाजू बघा. गावाकडच्या म्हशीचा फोटो, नेटचा अभ्यासक्रम, बहिणीने पाठवलेली राखी, कुणाचं तरी अर्धवट फाडलेलं पोस्टर. दार उघडताना तो किंवा ती काय म्हणते तेही लिहून घ्या, शब्दशः.